अल्बर्ट नामाटजिरांच्या गावी

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या वस्तीतल्या पोरांना आधी क्रिकेट आठवते आणि मग कांगारू. त्या देशात गोऱ्यांच्या आधी हजारो वर्षे राहत आलेले काळे लोक आहेत, हे शाळेच्या भूगोलात असते, पण तेही दोन ओळींत. गेल्या जुलै महिन्यात आम्हाला या देशाच्या अगदी पोटात, ॲलिस स्प्रिंग्ज नावाच्या वाळवंटी गावात पंधरा दिवस राहण्याचा योग आला. तिथून सव्वाशे किलोमीटरवर आदिवासींच्या चित्रांचे एक छोटेसे संग्रहालय आहे. त्या संग्रहालयाविषयी, आणि ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या अल्बर्ट नामाटजिरा या चित्रकाराविषयी आपल्या वाचकांना सांगावे, असे परत आल्यापासून मनात होते.

कारकुनाला परदेशवारी कशी परवडली, असे कोणी विचारण्याआधीच सांगून टाकतो. आमची पुतणी तिथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. गिरणी कामगाराची मुलगी, समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात राहून शिकली. "काका-काकू, तुम्ही एकदा याच" असा तिचा तीन वर्षे धोशा होता. विमानाची तिकिटे तिने आणि जावईबापूंनी काढली. आम्ही फक्त रजेचा अर्ज लिहिला. रजा प्रवास सवलत देशाबाहेर चालत नाही, हे नोकरदार बांधवांना ठाऊक आहेच.

ॲलिस स्प्रिंग्ज हे पंचवीस-तीस हजार वस्तीचे गाव. उत्तरेला डार्विन आणि दक्षिणेला ॲडलेड, दोन्ही शहरे सुमारे दीड हजार किलोमीटर दूर. माती भाजलेल्या विटेसारखी तांबडी. गावातून टॉड नावाची नदी जाते, पण वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात पाण्याचा थेंब नसतो. कोरड्या वाळूत मोठमोठी झाडे उभी असतात आणि त्यांच्या सावलीत आदिवासी बायामाणसे बसलेली दिसतात. जुलै हा तिथला हिवाळा. दिवसा ऊन छान, पण रात्री पारा शून्याजवळ जातो. आमच्या पत्नीने मुंबईहून नेलेले दोन्ही स्वेटर एकावर एक घातले होते.

या गावाचे खरे नाव म्पार्न्ट्वे. ते इथल्या अरंटा लोकांनी ठेवलेले. आणि याच अरंटा लोकांना १९२८ पासून १९६४ पर्यंत या गावात मोकळेपणाने राहता येत नव्हते, कारण सरकारने गाव त्यांच्यासाठी निषिद्ध क्षेत्र ठरवले होते. कामाला असलेल्यांनी परवानगीने यायचे, बाकीच्यांनी हद्दीबाहेर राहायचे. 'हद्दीबाहेर' या शब्दाचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

एका रविवारी जावईबापूंनी गाडी काढली. पश्चिमेकडे जाणारा रस्ता डांबरी आणि सरळ, उजव्या हाताला मॅकडोनेल डोंगरांची रांग सतत सोबत चालते. सकाळी ती निळसर दिसते, ऊन चढले की तांबूस होते आणि संध्याकाळी जांभळी. मधे मधे एखादे झाड असे दिसते की त्याचे खोड चुना फासल्यासारखे पांढरे शुभ्र. त्याला तिथे घोस्ट गम म्हणतात, म्हणजे भुताचे झाड. आम्ही भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नाही, पण पहाटेच्या उजेडात ते झाड पाहिले की नाव का पडले ते कळते. हे झाड आणि हे रंग वाचकांनी ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचे काम आहे.

सव्वाशे किलोमीटरनंतर हर्मान्सबर्ग हे खेडे लागते. अरंटा लोक त्याला न्तारिया म्हणतात. १८७७ साली जर्मन लुथरन पंथाच्या मिशनऱ्यांनी फिंक नदीच्या काठी इथे मिशन काढले. १९८२ साली ही जमीन अरंटा लोकांना परत मिळाली, आणि मिशनच्या जुन्या इमारती आता संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. दगडी भिंती, वर पांढरा चुना, डोक्यावर पत्रा. अंगणात खजुराची उंच झाडे. मधोमध १८९७ सालचे लहानसे चर्च, आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या दोन वर्गखोल्यांएवढे. एका घरात मिशनच्या काळातली छायाचित्रे, अवजारे, भांडीकुंडी. दुसऱ्यात, जिथे पूर्वी पाद्री राहत असत, तिथे चित्रे. सगळे मिळून अर्ध्या दिवसात पाहून होते.

आत शिरताना एक सूचना दिसते, जी तिथल्या बहुतेक संग्रहालयांत असते: इथे मृत व्यक्तींची नावे आणि छायाचित्रे आहेत, आदिवासी बांधवांनी याची नोंद घ्यावी. माणूस गेल्यावर काही काळ त्याचे नाव उच्चारायचे नाही, छायाचित्र पाहायचे नाही, असा त्यांच्यात रिवाज आहे. ही सूचना आम्हाला फार आवडली. संग्रहालय पाहुण्यांसाठी तर आहेच, पण ज्यांची माणसे भिंतीवर आहेत त्यांचाही विचार त्यात आहे.

छायाचित्रांच्या खोलीत आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते पाण्याच्या गोष्टीपाशी. १९२६ पासून १९२९ पर्यंत इथे भयंकर दुष्काळ पडला. ताजी भाजी नाही, फळ नाही, म्हणून स्कर्व्हीचा रोग झाला आणि मिशनमधली कितीतरी लहान मुले दगावली. काही किलोमीटरवर कापोरिल्या नावाचा जिवंत झरा होता, पण तिथून पाणी आणायला नळ पाहिजे आणि नळाला पैसा पाहिजे. सरकारने हात वर केले. तेव्हा मेलबर्नच्या व्हायोलेट टीग या चित्रकार बाईंनी आणि त्यांच्या भगिनी ऊना यांनी १९३४ साली चित्रकारांकडून चित्रे गोळा केली, ती विकली आणि त्या पैशातून १९३५ साली नळ आला. मग भाजीपाला पिकला, मुले जगली. महाडच्या तळ्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला अशा छायाचित्रासमोरून लवकर हलता येत नाही. तिथे पाणी होते पण घेऊ देत नव्हते, इथे झरा होता पण नळ घालून देत नव्हते. फरक आहे, पण मेलेली मुले कोणाची होती हे पाहिले की फरक कमी वाटतो.

मिशनविषयी दोन्ही बाजूंनी बोलले पाहिजे. त्यांनी शाळा चालवली, अरंटा भाषा लिहून काढली, गोऱ्या पशुपालकांच्या बंदुकांपासून पुष्कळांना आसरा दिला. पण मुलांना आईबापांपासून काढून वसतिगृहात ठेवले आणि जुने विधी बंद करायला लावले. अल्बर्ट यांचा जन्म १९०२ चा. आईबापांनी ठेवलेले नाव एलेया. तीन वर्षांचे असताना बाप्तिस्मा झाला आणि नाव अल्बर्ट झाले. आपल्या १९५६ च्या धम्मदीक्षेशी कोणी याची तुलना करील तर ती बरोबर होणार नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात घोषणा केली आणि एकवीस वर्षे विचार करून पाऊल टाकले, आणि लाखो जाणत्या माणसांनी ते त्यांच्याबरोबर टाकले. इथे तीन वर्षांच्या पोराला कोण विचारणार? तरी तेराव्या वर्षी अल्बर्ट रानात गेले, सहा महिने आपल्या वडीलधाऱ्यांबरोबर राहून त्यांनी आपल्या जमातीचे ज्ञान घेतले. कोणता डोंगर कोणत्या पूर्वजाचा, कोणते पाणी कोणाच्या कुळाचे, हे सगळे तिथेच कळते.

चित्रे काढण्याआधी अल्बर्ट मिशनमध्ये सुतारकाम, लोहारकाम, उंट हाकणे अशी कामे करत होते. (या वाळवंटात उंट आणले ते गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, आणि ते हाकणारे पुष्कळसे लोक अफगाणिस्तानातून आणि ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेले होते. तिथल्या प्रसिद्ध आगगाडीचे 'घॅन' हे नावसुद्धा त्यांच्यावरूनच पडले.) तापलेल्या तारेने लाकडी पाट्यांवर डाग देऊन ते नक्षी काढत. पुढे १९३४ साली रेक्स बॅटरबी नावाचे गोरे चित्रकार आपली जलरंगातली चित्रे घेऊन मिशनमध्ये आले. पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेला हा माणूस. अल्बर्ट यांनी ती चित्रे पाहिली आणि मनाशी काही ठरवले. १९३६ साली बॅटरबी पुन्हा आले तेव्हा सौदा असा झाला की अल्बर्टनी उंट घेऊन वाट दाखवायची आणि बॅटरबींनी रंग शिकवायचे. सुमारे आठ आठवडे ही शाळा चालली. दोन वर्षांनी, १९३८ साली, मेलबर्नमध्ये अल्बर्ट यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि ४१ चित्रे विकली गेली.

संग्रहालयातली ही चित्रे म्हणजे आम्ही त्या सकाळी गाडीतून पाहिलेला रस्ताच. तीच जांभळी रांग, तीच तांबडी माती आणि पुढ्यात ते पांढऱ्या खोडाचे झाड. आमच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, आत्ता वाटेत पाहिले तेच की हे!" त्यांनी एका वाक्यात समीक्षा केली. त्या काळातल्या मोठ्या शहरांतल्या जाणकारांना मात्र ही चित्रे गोऱ्यांची नक्कल वाटली. आदिवासीने ठिपके काढावेत, भाल्यावर नक्षी करावी, हे जलरंग कशाला, असा त्यांचा सूर. म्हणजे काय काढायचे तेही यांनीच सांगायचे. पुढे लोकांच्या ध्यानात आले की अल्बर्ट यांनी कोणताही देखणा डोंगर काढलेला नाही. त्यांनी आपल्या बापाचा मुलूख आणि आपल्या आईचा मुलूख काढला आहे, जो काढण्याचा त्यांना जमातीच्या कायद्याने अधिकार होता.

याचा अर्थ आम्ही आमच्या परीने असा लावला. आपल्याकडे जमीन कोणाची हे सातबाराच्या उताऱ्यावरून ठरते. यांच्याकडे तलाठी नव्हता आणि कागद नव्हता. जमीन कोणाची हे गाण्यात, नाचात आणि चित्रात नोंदलेले असे. ही नुसती आमची कल्पना नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटाच्या लोकांनी १९९७ साली दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद कापडावर आपला मुलूख रंगवला आणि जमिनीच्या दाव्यात तोच पुरावा म्हणून अंथरला. ज्याचा जो भाग, त्यावर त्याने उभे राहून साक्ष दिली. २००७ साली त्यांचा हक्क मान्य झाला. आमच्या कचेरीत पुराव्याच्या कागदांच्या किती फायली आहेत म्हणून सांगू, पण त्यात असा एकही पुरावा नाही.

चित्रांच्या खोलीतून बाहेर आल्यावर सावलीत एक वयस्क अरंटा बाई बसल्या होत्या. आम्ही नमस्कार केला. आमचे इंग्रजी कार्यालयीन मसुद्यांचे आणि त्यांचे वेगळ्याच वळणाचे, त्यामुळे पुतणीने मध्ये पडून मदत केली. त्या बाईंनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला, "तुमचा मुलूख कोणता?" आम्ही म्हटले, "इंडिया." त्यांनी मान हलवली. त्यांना ते नको होते. आजोबांची जागा कोणती, असा त्यांचा प्रश्न होता. मग आम्ही आमच्या गावाचे, नदीचे नाव सांगितले. त्या खूश झाल्या. गावात घर कोणत्या बाजूला, असेही विचारले. आता काय सांगावे? आम्ही सांगितले की आजोबांचे घर गावाच्या आत नव्हते, गावाबाहेर वेगळी वस्ती होती, विहीर वेगळी, मसणवटा वेगळा. पुतणी शब्द शोधत होती, तेवढ्यात त्या बाईच म्हणाल्या, "टाऊन कॅम्प."

ॲलिस स्प्रिंग्जच्या भोवती आदिवासींच्या डझनावारी वस्त्या आहेत, त्यांना टाऊन कॅम्प म्हणतात. गावात प्रवेश नव्हता त्या काळात कडेकडेने वसलेल्या. पुढे लोकांनी संघटना करून त्या जागांचे पट्टे मिळवले, घरे बांधून घेतली. त्या बाईंचे बालपण अशाच एका वस्तीत गेले होते. त्यानंतर आम्हाला फार काही समजावून सांगावे लागले नाही. पत्नीने पिशवीतला चिवडा काढला. बाईंनी तो चाखला, तिखट लागला म्हणून हसल्या आणि तरी मूठभर रुमालात बांधून नातवासाठी ठेवला.

आता अल्बर्ट यांच्या आयुष्याचा पुढचा भाग. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यामुळे आम्हाला तो जमाखर्चाच्या वहीसारखाच दिसतो. जमेच्या बाजूला पाहा: १९५३ साली राणीच्या राज्यारोहणाचे पदक. १९५४ साली कॅनबेरात खुद्द राणीची भेट. त्यांचे व्यक्तिचित्र काढून विल्यम डार्गी या चित्रकाराने १९५६ चे आर्चिबाल्ड पारितोषिक मिळवले, जे तिथले फार मानाचे पारितोषिक. आणि देशभर गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत अल्बर्ट यांच्या चित्रांच्या छापील प्रती टांगलेल्या.

आता दुसरे पान. गुरे चारण्यासाठी जमीन भाड्याने मागितली, मिळाली नाही. १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायला भूखंड मागितला, नाही म्हणाले, कारण आदिवासीला गावात राहता येत नाही. गावाबाहेर मॉरिस सोक नावाच्या कोरड्या ओढ्यात झोपडी टाकून हा देशातला सर्वांत प्रसिद्ध आदिवासी चित्रकार राहिला. मात्र प्राप्तिकर घेताना सरकारला त्यांची जात आड आली नाही. कर भरायला नागरिक आणि घर बांधायला परका, असा हा हिशोब. १९१७ साली परदेशी विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, ते आठवून आम्ही त्या फलकासमोर उभे राहिलो.

१९५७ साली सरकारने एक यादी प्रसिद्ध केली. नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातल्या जवळपास सगळ्या आदिवासींची नावे त्यात होती आणि ते सगळे सरकारचे 'पाल्य' ठरले. पाल्य म्हणजे काय, ते शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. साठ वर्षांचा म्हातारासुद्धा पाल्य! कुठे राहायचे, कोणाशी लग्न करायचे, काय प्यायचे, हे अधिकारी ठरवणार. त्या यादीतून अल्बर्ट आणि त्यांच्या पत्नी रुबिना यांची नावे वगळली. म्हणजे ते दोघे नागरिक झाले. त्यांची मुले, भाऊबंद पाल्यच राहिले.

नागरिकाला दारू विकत घेता येत होती, पाल्याला देणे गुन्हा होता. आणि अरंटांचा रिवाज असा की जे मिळेल ते नात्यातल्यांत वाटून खायचे. अल्बर्ट यांच्या कमाईवर शेकडो नातेवाईक जगत होते. १९५८ साली गाडीत ठेवलेली रमची बाटली एका नातलगाच्या हाती लागेल अशी ठेवली, या आरोपावरून त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती तीन महिन्यांवर आली. देशभर ओरड झाली, तेव्हा तुरुंगाऐवजी पापुन्या नावाच्या सरकारी वसाहतीत दोन महिने ठेवले. १९५९ च्या मे महिन्यात ते सुटले आणि ८ ऑगस्टला ॲलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय ५७. त्यानंतर त्यांनी फारशी चित्रे काढलीच नव्हती.

आम्ही आमच्या वस्तीत दारूबंदीचे काम पंधरा वर्षे करत आहोत. दारूने उठलेले संसार पाहिले आहेत, आणि पंचशीलाचे पाचवे शील आम्हाला ठाऊक आहे. ॲलिस स्प्रिंग्जमध्येही दारूने फार नुकसान केले आहे, हे पुतणी रोज रुग्णालयात पाहते. म्हणून दारूची बाजू आम्ही घेणार नाही. पण तो खटला दारूचा नव्हता. एकाच घरातल्या बापाला माणूस आणि मुलाला पाल्य ठरवायचे, आणि मग एका ताटात जेवले म्हणून बापाला शिक्षा करायची, असा तो खटला होता. शील माणूस स्वतः घेतो. ते अधिकाऱ्याने यादी लावून द्यायचे नसते.

या विषयातले सगळे आकडे आमच्या वहीत उतरवले आहेत, त्यातला एक वाचकांनी अवश्य पाहावा. १९५७ साली अल्बर्ट यांनी एका प्रकाशन कंपनीशी करार केला. चित्रांच्या छापील प्रतींवर त्यांना साडेबारा टक्के मानधन ठरले. त्यांच्या मृत्यूनंतर मालमत्तेचा कारभार सरकारी विश्वस्ताकडे गेला. आणि १९८३ साली त्या विश्वस्ताने सगळ्या चित्रांचा प्रताधिकार, म्हणजे छापण्याचा हक्क, त्याच कंपनीला ८,५०० डॉलरला कायमचा विकून टाकला. वारसांना विचारले नाही. तेव्हापासून मानधन बंद. आजोबांचे चित्र पुस्तकात छापायचे तर नातवंडांचा काही संबंध नाही! ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार हा हक्क २०२९ सालच्या अखेरपर्यंत चालणार आहे. कुटुंबाने आणि त्यांच्या मित्रांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. शेवटी डिक स्मिथ नावाच्या उद्योगपतीने मध्यस्थी केली आणि २०१७ साली हा हक्क नामाटजिरा लेगसी ट्रस्टकडे परत आला. किंमत एक डॉलर. चौतीस वर्षे गेली ती गेलीच. घरात कोणी कलावंत, गायक, कवी असेल त्यांनी करारावर सही करताना शेवटचे पान दोनदा वाचावे, आणि वाचता येत नसेल तर मंडळातल्या कोणालाही घेऊन जावे.

संग्रहालयाच्या दुकानात पत्नीने एक चित्राचे कार्ड घेतले. बारीक अक्षरे वाचण्याची आमची कारकुनी खोड, म्हणून मागची बाजू पाहिली. हक्क ट्रस्टच्या नावे होता. याच गावातल्या महिला १९९० पासून मातीची भांडी करतात, झाकणावर पक्षी, प्राणी, कधी फुटबॉल खेळणारी पोरेही घडवलेली असतात. ती आमच्या खिशाला झेपणारी नव्हती, पण डोळे भरून पाहिली. गावापासून थोड्या अंतरावर अल्बर्ट यांनी स्वतः बांधलेले दोन खोल्यांचे दगडी घर आहे. आत काही नाही, वाराच फिरतो. ज्याला गावात घर बांधू दिले नाही त्याने इथे बांधले. तिथे आम्ही पाच मिनिटे शांत बसलो.

परतीच्या वाटेवर जावईबापूंनी पापुन्याची पुढची हकीकत सांगितली. जिथे अल्बर्ट यांना शिक्षा भोगावी लागली, त्याच पापुन्यात १९७१ साली जेफ्री बार्डन नावाच्या शाळामास्तरांच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्या मंडळींनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांचे चित्र रंगवले. जगभर प्रसिद्ध झालेली ठिपक्यांची चित्रकला तिथून सुरू झाली. १९७२ साली त्या चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची कंपनी काढली, ती आजही चालू आहे. २००० साली त्यांनी चित्रे रंगवून लिलावात विकली, दहा लाख डॉलरहून अधिक जमले, आणि त्यातून दूरच्या खेड्यात डायलिसिसची सोय झाली. नाहीतर मूत्रपिंडाच्या आजाऱ्याला शेकडो किलोमीटर दूर ॲलिस स्प्रिंग्जला येऊन, घरदार सोडून मरेपर्यंत राहावे लागे. पुतणीच्या विभागात असे कितीतरी म्हातारे आहेत. खिडकीतून पश्चिमेकडे पाहत बसतात, असे ती म्हणाली.

तिने दोन तारखा सांगितल्या, त्या आम्ही विसरणार नाही. आपला २६ जानेवारी प्रजासत्ताक दिन. तिथे २६ जानेवारी म्हणजे १७८८ साली इंग्रजांनी सिडनीत झेंडा रोवला तो दिवस. सरकार तो उत्सव म्हणून करते, आदिवासींनी १९३८ साली त्याच दिवशी शोकदिन पाळला होता. आणि १४ ऑक्टोबर! २०२३ सालच्या १४ ऑक्टोबरला तिथे सार्वमत झाले. आदिवासींचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे एक मंडळ राज्यघटनेत असावे काय, एवढाच प्रश्न. साठ टक्के मतदारांनी नाही म्हटले. पुतणीकडे त्या दिवशी बुद्धवंदना होती. वंदना झाल्यावर सगळे निकाल पाहत बसले, कोणी जेवले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी ॲलिस स्प्रिंग्जमधल्या एका कलाकेंद्रात गेलो. तिथे नामाटजिरांचे वंशज आणि नातलग आजही जलरंगात चित्रे काढतात. त्यांचे एक पणतू, व्हिन्सेंट नामाटजिरा, यांनी २०२० साली तेच आर्चिबाल्ड पारितोषिक पटकावले, आणि ते मिळवणारे ते पहिले आदिवासी चित्रकार ठरले. १९५६ साली पणजोबा चित्रातले होते, पणतू चित्रकार म्हणून आला. केंद्रात एक मध्यमवयीन गृहस्थ टेबलाशी बसून डोंगर रंगवत होते. एका रंगावर दुसरा रंग चढवण्याआधी ते बराच वेळ नुसते थांबत. आम्हाला घाई नव्हती, आम्हीही थांबलो. वहीच्या पानाएवढे एक छोटे चित्र आम्ही विकत घेतले. पत्नीने भिशीचे पैसे घातले, उरलेले आम्ही. सोबत चित्रकाराचे नाव, चित्रातल्या जागेचे नाव आणि केंद्राचा शिक्का असलेला दाखला मिळाला.

ते चित्र सध्या आमच्या बुद्धविहाराच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या वर लावले आहे. दाखला आणि पावती फायलीत आहे. रविवारी सकाळी वंदनेनंतर दहा ते बारा वाचनालय उघडे असते, मुलांना घेऊन यावे.